सगळे पांढरे, आई सोडून

आमच्या बोटीवर एकच नियम होता आणि तो कुणी मोडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. "काहीतरी चुकलंच असेल ना कुणाचं, मर्लीन? नियम मोडला असेल ना कुणीतरी?" नाही हो. कुणीच नाही. मी तर मुळीच नाही, मी नियमाची पक्की.

नियम आईचा होता. माझी आई लारू म्हणजे उन्हाळाभर पीच बरण्यांत भरून ठेवणारी बाई. मँटाय गावच्या घरी तळघरात भिंतभर बरण्या, आणि जुनं झाकण फेकलेलं दिसलं की घरात महाभारत. बाबांनी, म्हणजे रूलननी, जन्मभर टर्की पाळल्या आणि आयुष्यात एकच चैन केली, ती धरणाच्या तळ्यावरची ही साठ फुटी हाउसबोट. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या पलीकडच्या वळणावर एका कुटुंबाची मुलगी गेली. बुडून नाही. हाउसबोटीच्या मागे पाण्यालगत एक रुंद ओटा असतो, पोहणाऱ्यांना चढायला-उतरायला. त्या ओट्याखाली पाणी आणि फळ्या यांच्यामध्ये हातभर पोकळी राहते. आत गार सावली, पोरांना लपायला आवडतं. जुन्या बोटींच्या जनरेटरचा धूर नेमका तिथेच सुटतो, आणि त्या धुरातल्या विषाला ना रंग ना वास. पोर आत खेळत होती, वर कुणीतरी एसीसाठी जनरेटर लावला. चार-पाच मिनिटांत खेळ संपला.

पुढच्या खेपेला येताना आईने बरण्यांची झाकणं आणली, एक बाजू पांढरी रंगवलेली, दुसरी निळी, दोन्ही बाजूंना नाव. स्वयंपाकघराच्या बोळात जनरेटरचं बटण आहे, त्याच्या शेजारीच तिने एक फळी ठोकली आणि खिळ्यांवर झाकणं टांगली. पाण्यात उतरताना आपलं झाकण निळं करायचं. बाहेर आलं की पांढरं. बटण दाबणाऱ्याने आधी फळीकडे बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "सगळे पांढरे." मग दाबायचं. छत्तीस वर्षं आमच्या बोटीवर कुणाला साधी डोकेदुखी झाली नाही.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. कर्करोगाने, मार्च महिन्यात, घरच्या बिछान्यात. त्या उन्हाळ्यात आम्ही बोटीवर आलो तर फळीवर तिचं झाकण पांढरं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. मग त्यांनी ते निळं केलं. "ती पाण्यात आहे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते निळंच. आमचं म्हणणंही त्याबरोबर बदललं. बटण दाबताना आम्ही म्हणायला लागलो, "सगळे पांढरे, आई सोडून."

सवय झाली. आपल्या घरातला उंबरठा माणूस न बघताच ओलांडतो, तसं ते एक निळं झाकण आम्हाला दिसेनासं झालं.

आता या वर्षीचं सांगते. माझा धाकटा भाऊ गार्थ या वसंतात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. बायको लास वेगासची, योलांडा. तिची नऊ वर्षांची मुलगी पालोमा, पहिल्या नवऱ्याची. मायलेकी कॅथलिक. योलांडा सकाळी उठल्या उठल्या कॉफी करायची. आमच्या पंथात कॉफी वर्ज्य, बोटीवर त्याआधी तिचा वास कधी आला नव्हता. मी नाक मुरडलं, लपवत नाही. गार्थची पहिली बायको आठ वर्षं आमच्याबरोबर गाणी गाऊन, पीच सोलून शेवटी एका दंतवैद्याबरोबर निघून गेली होती. तिचं झाकण मी माझ्या हाताने काढून तळ्यात भिरकावलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ठरवून टाकलं की नव्या माणसांना दोन उन्हाळे झाल्याशिवाय झाकण नाही.

गुरुवारी आम्ही धक्क्यावरून निघालो. तळं इतकं खाली मी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या लाल कड्यांवर आपल्या डोक्याच्याही खूप वर पांढरा पट्टा, इथपर्यंत पाणी होतं म्हणून सांगणारा. माझ्या लहानपणची पोहायची जागा त्या पट्ट्यात कुठेतरी उंच लटकत होती. पाण्यातून झाडं वर आली होती, साठ वर्षांपूर्वी बुडालेली, काळी, फांद्यांसकट. बाबा सुकाणू धरून बसले होते आणि एकेका झाडाकडे ओळखीचं असल्यासारखं बघत होते.

आमची नेहमीची खाडी आता खाडी राहिलीच नव्हती. कडे जवळ आले होते, मध्ये बोट जेमतेम मावेल एवढं पाणी, पुढे वाळूची चिंचोळी पट्टी. गार्थने वाळूत खड्डे खणून नांगर पुरले, दोर ताणले आणि घाम पुसत म्हणाला, "वारा म्हणून नाही इथे. कान दुखायला लागले शांततेने."

"दुसरीकडे जाऊ या का मग?" योलांडाने विचारलं.

"छत्तीस वर्षं इथेच लावतोय बोट," मी म्हटलं. "आजच वाऱ्याची आठवण आली होय तुम्हाला?"

आम्ही तिथेच राहिलो. हे माझंच बोलणं होतं, तेही मोजा.

शुक्रवारी सकाळी पालोमा बोळात फळीसमोर उभी होती, लाइफ जॅकेट घालून. बारा वर्षांखालच्या पोरांना ते पाण्याजवळ घालावंच लागतं, पण ही तर ते घालूनच जेवायची, केशरी रंगाचं, तिच्या मापापेक्षा मोठं.

"माझं झाकण कुठाय?" तिने विचारलं.

"दोन उन्हाळे झाले की मिळेल."

"आणि तोवर पोहायचं असलं तर?"

"तोंडाने सांगायचं. मला."

"आणि तू झोपली असशील तर?"

"मी झोपत नसते."

तिने मान हलवली, पटल्यासारखी. मग बोटाने दाखवलं. "लारू कोण? ती आत्ता पाण्यात आहे?"

"ती माझी आई. ती वारली."

"मग कुठेय ती? खाली?"

"जा बघू, आजोबांकडे जा," म्हणून मी तिला पिटाळलं. जाता जाता तिने आईच्या झाकणाकडे बघून हात हलवला.

बाबांचं आणि तिचं मात्र मेतकूट जमलं. बाबा एक्याऐंशीचे, हृदय अर्धंच चालतंय असं डॉक्टर म्हणतात, उन्हात बसू नका म्हणतात. पण दिवसभर दोघं मागच्या ओट्यावर पाय सोडून बसलेले. ती पावाचे तुकडे टाकायची आणि बोटीखालच्या सावलीतून मोठमोठे कार्प मासे वर यायचे, पाण्याबाहेर गोल तोंडं काढून, एकावर एक. मला शिसारी यायची. ती मात्र प्रत्येकाला नाव देत होती.

"त्या ओट्याखाली जाऊ द्यायचं नाही हं तिला," मी बाबांना बजावलं.

"जनरेटर बंद असला की काही होत नाही, मर्ल. तू नव्हतीस का तिथे लपत? तुझ्या आईने झाडू घेऊन काढली होती तुला."

"तेव्हा मला झाकण होतं."

"तेच तर म्हणतोय मी," बाबा म्हणाले आणि पाण्याकडे बघत राहिले. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, आणि मी विचारलंही नाही.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर योलांडा भांडी पुसताना हळूच म्हणाली, "मर्लीन, एक झाकणच तर आहे. पोरीला एवढी हौस आहे. दे ना."

"एका उन्हाळ्याने कुणी घरचं होत नाही."

तिने फडकं दांडीवर नीट पसरलं, सुरकुत्या काढल्या. "बरं," म्हणाली.

आणि मग रविवार.

आमच्यात रविवारी पोहत नाहीत. विश्रांतीचा दिवस, प्रार्थनेचा. जुनी माणसं तर म्हणतात, रविवारचं पाणी सैतानाचं. आई तसं म्हणायची नाही, पण रविवारी तिने आम्हाला घोट्याच्या वर भिजू दिलं नाही कधी. छत्तीस वर्षांत रविवारी फळीवर कुणाचं झाकण निळं झालं नव्हतं, ते एक सोडून. मी सकाळी माझा देवळात जायचा निळा झगा घातला, पुढच्या गच्चीत आम्ही गाणं म्हटलं, बाबांनी प्रार्थना केली. लांबलचक. शेवटी ते म्हणाले, "आणि जे नवीन आलेत त्यांना आपलं म्हणायचं बळ आम्हाला दे." माझ्याकडे न बघता म्हणाले. मला टोमणा लागला आणि मी डोळे उघडून गार्थकडे बघितलं, तर तो हसू दाबत होता.

उठताना बाबांनी माझा हात धरला. "मर्ल, एक काम केलंय मी. जेवताना सांगतो सगळ्यांना."

"आत्ता सांगा की."

"जेवताना. सगळे असताना."

दहा वाजता गार्थ आणि योलांडा खाडीच्या आत चालत निघाले, कड्यावरची जुनी चित्रं बघायला. मी स्वयंपाकघरात बोळाकडे पाठ करून पीच सोलत होते. बोटीवरून वाळूवर उतरतानाचा योलांडाचा आवाज ऐकू आला, "टोपी घे गं, पालोमा," आणि पावलं वाजली. मी धरून चालले की तिघं गेली. खरं तर पोर टोपी घेऊन वाळूपर्यंत गेली होती आणि आईला सांगून परत वळली होती. आजोबांनी सकाळी कानात काहीतरी सांगितलं होतं तिला. ते मला फार नंतर कळलं.

साडेअकराला मी बाबांना बघायला पुढच्या गच्चीत गेले. खुर्चीत झोपले होते. ऊन सरकून थेट तोंडावर आलेलं, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. भिंतीवरच्या तापमापकात एकशे आठ फॅरनहाइट. "बाबा! बाबा, उठा!" मी त्यांना काखेत धरून आत आणलं, कोचावर निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ते पुटपुटत होते, नीट जागे नव्हते. एसी लावायलाच हवा होता.

मी बोळात गेले. फळीकडे बघितलं. शप्पथ घेऊन सांगते, बघितलं. मर्लीन पांढरं, गार्थ पांढरं, रूलन पांढरं, लारू निळं.

"सगळे पांढरे, आई सोडून," मी मोठ्याने म्हटलं आणि बटण दाबलं.

जनरेटर धडधडला. गार हवा यायला लागली. मी परत येऊन पीच चिरायला बसले. बाहेर दोन डोमकावळे कठड्यावर येऊन बसले आणि मागच्या बाजूला माना वाकवून बघत राहिले. मी चिरलेल्या पीचवर साखर घातली, दालचिनी घातली. लिंबू पिळलं. किती वेळ गेला ते नंतर मला पुन्हा पुन्हा विचारलं डॉक्टरांनी. आठ पीच. मी एवढंच सांगू शकले, आठ पीच चिरून झाले होते.

"मर्ल," बाबा कोचावरून म्हणाले. आवाज आता स्वच्छ होता. "पालोमा आली का बाहेर?"

"ती गेलीय ना त्यांच्याबरोबर."

"नाही गं. पाण्यात आहे ती. माशांना पाव घालायला गेलीय."

"आज रविवार आहे, बाबा. पाण्यात कोण जाईल? झाकण कुठे निळं आहे कुणाचं?"

"तिचं आहे की." ते कोपरावर उठले. "आईचं झाकण मी दिलंय तिला. सकाळी मी ते पांढरं केलं. तिला म्हटलं, आता हे तुझं, उतरशील तेव्हा निळं करायचं. तेच जेवताना सांगणार होतो... मर्ल, हा आवाज कसला? जनरेटर कुणी लावला?"

मी काय ओरडले मला आठवत नाही. बटण बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की पाण्याचं चुबुकचुबुक ऐकू यायला लागलं, मागून, ओट्याखालून. मासे होते ते. पाव खात होते.

"पालोमा!"

मी झग्यासकट उडी मारली. मोठा श्वास घेऊन ओट्याखाली शिरले. अंधार, हिरवट उजेड, पायांना मासे. आणि वर, फळ्यांना टेकलेलं, ते केशरी जॅकेट. ती त्यात मागे रेललेली होती, तोंड वर, डोळे मिटलेले, गाल गुलाबी. इतके गुलाबी गाल तिचे आधी कधीच नव्हते. एका हाताच्या मुठीत पाव होता, भिजून लगदा झालेला. मी जॅकेटची मागची पट्टी धरली आणि ओढलं. श्वास सुटला माझा, एक घोट तिथली हवा आत गेली आणि डोक्यात घण बसल्यासारखं झालं. पण पट्टी सोडली नाही.

तिला ओट्यावर चढवायला माझ्या अंगात बळ नव्हतं. वरून बाबांनी हात घातला. अर्ध्या हृदयाचा माणूस, पण दोघांनी मिळून ओढलं तिला. छाती हलत नव्हती. मी तिच्या तोंडात श्वास भरायला लागले. बाबा भिंत धरत धरत वायरलेसपाशी गेले, मदत मागितली, खाडीचं नाव दोनदा सांगितलं, मग घंटा वाजवायला लागले, गार्थसाठी. कड्यांमध्ये घंटा इतकी घुमली की ती कुठून वाजतेय तेच कळेना. मी श्वास भरत होते आणि मनात म्हणत होते, नको होतीस तू मला, कबूल, पण घे श्वास, घे गं बाई, मी तुला दहा झाकणं रंगवून देते. घे.

तिने घेतला. एकच, घोरल्यासारखा. मग दुसरा यायला केवढा वेळ लागला.

वाळूवरून योलांडा पळत आली. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघत तिच्या भाषेत देवाचं नाव घेत राहिली. रेंजरची बोट आली, प्राणवायूची नळी लावली, मग हेलिकॉप्टर. त्याच्या वाऱ्याने सगळी खाडी ढवळून निघाली. चार दिवसांत तिथे आलेला तो पहिला वारा.

दोन दिवस ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले जगेल, पण मेंदूला काय झालंय ते जागी झाल्यावरच कळेल. दवाखान्याच्या बोळात योलांडा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तू फळीकडे बघितलंस का?"

मी तोंड उघडण्याआधीच गार्थ मध्ये पडला. "अगं, बाबांचा गोंधळ झाला. आणि पोर लहान, नवीन. झाकण उलटायचं राहून गेलं असेल. कुणाचा दोष नाही यात." मग मला बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "गप्प राहा, मर्ल. पोरीला त्या दिवसाचं काही आठवणार नाही म्हणतात. बाबांना तर सकाळचं दुपारी आठवत नाही. तू बोललीस तर योलांडा राहील का माझ्याजवळ? मी पुन्हा नाही उभा राहू शकणार."

मी गप्प बसले. दोन दिवस. बाबा बाकावर बसून होते, त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, आणि तेही गप्प होते, माझ्याकडे बघत.

मंगळवारी संध्याकाळी पालोमाने डोळे उघडले. आईला ओळखलं. पाणी मागितलं. डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती, शब्द अडखळत होते, पण शब्द होते. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. तिने एकेकाकडे बघितलं आणि माझ्यावर नजर थांबवली.

"माझ्याकडून राहिलं का?" ती म्हणाली.

"काय, राणी?" योलांडाने विचारलं.

"झाकण. मला आठवत नाही. मी उलटलं नाही का?" तिचा चेहरा रडवेला झाला. "आजोबांनी सांगितलं होतं, उलटायचं. मी विसरले का? आता मला नाही मिळणार ना ते?"

गार्थने माझ्या दंडाला हात लावला, हलकेच. पोर माझ्याकडेच बघत होती, कारण झाकणांचा निवाडा मीच करते हे तिला चार दिवसांत पक्कं कळलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर झालं असतं. किंवा काहीच न म्हणता नुसती मान हलवली असती. ती जन्मभर समजत राहिली असती की आपणच विसरलो.

मी गार्थचा हात काढला.

"नाही," मी म्हटलं. "तू उलटलं होतंस. निळं होतं ते, बरोबर निळं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं."

योलांडाने मान वर केली. मी तिच्याकडे वळले आणि तेच पुन्हा एकदा सांगितलं.